डाक्टरीणबाई आणि तेलाची पट्टी

"भाऊ, बोलावणं कुठून तरी निघालंच असंन," असं म्हणत बाई मोटारीचं बॉनेट उघडायच्या. सकाळी, चहाच्या आधी, रोज. लांब पोलादी पट्टी इंजिनातून ओढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत काढायची आणि उजेडाकडं धरून बघायची. ताप पाहिल्यासारखी. तेल कुठवर आलंय, रंग कसा आहे, वास जळका येतो का. सगळं ठीक असलं की पट्टी आत सारायची आणि मगच मला, म्हणजे त्यांच्या कंपाउंडरला, "चहा टाका" म्हणायच्या.

तुम्ही तुमच्या गावात एखादा माणूस असा पाहिला असेल, की जो रस्त्यानं निघाला म्हणजे आपण उगीच ताठ होऊन उभे राहतो. आपला त्याच्या मोठेपणात काही वाटा नसतो, तरी छाती आपली फुगते. चिखलीत आमची ती गत या बाईंमुळं झाली होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठं काही झालं की नागपूरकडं बघायचं. पण बाईमाणूस स्वतः मोटार हाकते, स्वतः मोटारीखाली शिरते आणि वरून डॉक्टर आहे, हे नागपूरवाल्यांनीही आमच्याकडं येऊन पाहावं असं होतं.

बाई मूळच्या जळगाव जामोदकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. शेतकऱ्याच्या घरच्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, तेव्हा भावानं घरच्यांशी भांडून शाळेत घातलं आणि पुढं नागपूरला डाक्टरी शिकवली. अंगावर कायम काठाची जाडी पांढरी साडी, पायात पुरुषी चपला. बोलणं मात्र माहेरचंच राहिलं. एकदा पुण्याकडून एक डॉक्टर जिल्ह्यात बदलून आले होते. ते दवाखाना बघायला आले आणि बाईंचं "मले, तुले" ऐकून हसले. म्हणाले, "इतक्या शिकलात, पण भाषा काही सुधारली नाही."

बाई म्हणाल्या, "माही भाषा पेशंटले समजते. तुमची समजते का, तेवढं एकदा विचारून पाहा."

पुढं ते डॉक्टर कधी हसले नाहीत. बाईंसमोर तरी.

मोटार दवाखान्याला आली ती जुनीच. सडकांचं काम पाहणारे एक साहेब विलायतेला परत निघाले, तेव्हा गावच्या पंचांनी ती उघडी गाडी दवाखान्यासाठी घेऊन दिली. लाकडी आऱ्यांची चाकं आणि पुढून हँडल मारून सुरू करायची. ड्रायव्हर ठेवू, असं पंच म्हणाले. बाईंनी विचारलं, "ड्रायव्हर जेवाले गेला असताना बाळंतपण आलं तर?" पंचांनी ड्रायव्हरचा विषय सोडला. बाईंनी बाजारातल्या मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्री मुसलमान होता, कापसाच्या जिनिंगच्या इंजिनांवर हात बसलेला. वयानं बाईंच्या वडिलांएवढा. पहिल्या दिवशी तो संकोचून लांब उभा राहिला. बाईंनी पदर खोचला, जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि सरळ मोटारीखाली गेल्या. खालून आवाज आला, "मिस्त्रीचाचा, हे बूच कशाचं?"

मिस्त्री गडबडीनं वाकला. "तेल काढायचं हाय ते, बाईसाब. हात नका लावू, साडी खराब होईन."

"साडी धुता येते. इंजिन बिघडलं तर धुऊन निघत नाही."

त्या दिवसापासून मिस्त्रीनं त्यांना पोरीसारखं शिकवलं. गावात आधी कुजबुज झाली. मग बाई एकदा भर बाजारातून मोटार हाकत गेल्या आणि एका बंडीच्या बैलांना बुजू न देता, गाडी बाजूला घेऊन, इंजिन बंद करून थांबल्या. बंडीवाल्यानं हात जोडले आणि कुजबुजही संपली.

तेलाचं महत्त्व लोकांना कळत नव्हतं असं नाही. आमच्याकडं बंडी जुंपायच्या आधी आसाला वंगण घालतातच. कोरडी बंडी कुरकुरत निघाली तर पोरंसुद्धा हसतात. पण मोटार म्हणजे साहेबाची वस्तू, ती पेट्रोलवर चालते, एवढंच लोकांना माहीत. बाई त्यांना सांगायच्या, "बाप्पा, हिलेबी आस हायेत. आतमध्ये हायेत म्हणून दिसत नाहीत."

आता उंद्रीची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत, आणि तिच्यात माझाही दोष आहे.

ते मोटार आल्यानंतरचं पहिलंच वर्ष. तेव्हा रोज सकाळी पट्टी बघायचा नेम नव्हता. बोलावणं आलं की निघताना बघायची, अशी पद्धत होती. जवळच्या उंद्री गावाहून एक जण सायकल मारत आला. त्याची तिथं दिलेली बहीण अडली होती. बाईंनी पिशवी घेतली, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली. पट्टी कोरडी. आदल्या फेरीत कुठंतरी दगड लागून खालचं बूच ढिलं झालं होतं आणि तेल थेंब थेंब गळून गेलं होतं. नव्या तेलाचा डबा औषधांच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. आणि मी बाजारात गेलो होतो. काम दवाखान्याचं नव्हतं, माझं स्वतःचं होतं.

मला शोधून आणेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. तो भाऊ मोटारीभोवती येरझारा घालत ओरडत होता, "बाई, माही बहीण मरून राह्यली अन् तुम्ही तेल पाहून राह्यल्या!"

आम्ही पोचलो तेव्हा आई शुद्धीवर होती. बाईंनी तिला वाचवलं. बाळ मात्र हाती आलं ते निपचित. बाईंनी त्याला उलटं धरलं, चोळलं, तोंडानं फुंकर घातली. काही झालं नाही. दारात बसलेली सासू बाईंकडं बघत म्हणाली, "तेल पाहत बसली म्हणून माहं लेकरू गेलं."

ते बाळ आधीच गेलेलं असेल, असं मी बोलायला लागलो, तर बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "बाई, किल्ली माझ्याकडं होती."

त्या म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडे म्याच देली होती, भाऊ."

"पण पंधरा मिनिटांनी फरक पडला असता का?"

"पडलाही असता. मले नाही माहीत. अन् आता कधी माहीत होणारबी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेलाचे डबे कपाटातून काढून उघड्या फळीवर, आयोडिनच्या बाटल्यांच्या शेजारी मांडले. आणि त्या सकाळपासून, चहाच्या आधी, पट्टी. "पेशंटच्या माणसासमोर पट्टी काढायची नाही," त्या म्हणाल्या. "तो येईन तवा गाडी तयारच पाहिजे."

पुढचं सगळं त्या एका सकाळपासून निघालं, असं मला वाटतं. बाईंनी मोटारीचा एक केसपेपर केला. खरोखरचा केसपेपर, पेशंटच्या कागदांबरोबर खिळ्याला टांगलेला. वर लिहिलं होतं: 'नाव: मोटार. वय: माहीत नाही. तक्रार: धूळ.' खाली तारखा, किती मैल झाले, तेल कधी बदललं, तेल गाळणारी आतली जाळी कधी धुतली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं ते कागद चाळले आणि तो हा पेशंट कुठं आहे म्हणून विचारायला लागला. मी खिडकीतून बोट दाखवलं.

तक्रार धूळ, हे बाईंनी बरोबर ओळखलं होतं. आमची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकात हजार मैलांनी तेल बदला असं होतं. बाई म्हणाल्या, "हे पुस्तक लिहिणाऱ्यानं चिखलीची सडक पाह्यली नाही." त्या निम्म्यावरच बदलायच्या, पाचशेला. पण धूळ आतच जाऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली आणि ती सपशेल फसली. इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाला दवाखान्यातली गॉज चार पदरी बांधली. दुसऱ्या दिवशी मोटार पन्नास पावलं गेली आणि खोकून बंद पडली.

मिस्त्री पोट धरून हसला. "बाईसाब, तुम्ही इंजनाचं नाक दाबलं. बिचाऱ्यानं दम कुठून घ्यावा?"

बाईही हसल्या. मग दोघांनी मिळून नारळाच्या काथ्याची सैल गुंडाळी केली, तेलात बुडवून निथळवली आणि डब्यात बसवली. हवा जायची, धूळ चिकटून राहायची. दर आठवड्याला ती घासलेटमध्ये धुवायचं काम माझ्याकडं आलं. काढून बघितली की मूठभर माती निघायची. ही माती एरवी कुठं गेली असती, या विचारानं मला दर वेळी बरं वाटायचं.

तेल कोणतं घ्यायचं, याच्यावरही एकदा रंगत आली. अकोल्याहून एक एजंट आला. तीन डबे घेऊन. पातळ, मध्यम आणि जाड. कोट, टाय, डोक्याला सुवासिक तेल. तो म्हणाला, "बाईसाहेब, आपला मुलूख उष्ण. डोळे मिटून जाड घ्या. बारा महिने."

"डोळे मिटून म्या पेशंटले औषध देत नाही," बाई म्हणाल्या. "भाऊ, टेस्ट ट्यूब आणा तीन."

मी तिन्ही नळ्यांत तिन्ही तेलं भरली, वर थोडी हवा ठेवली, बुचं घट्ट लावली. बाईंनी त्या एकदम उलट्या केल्या. पातळ तेलातला बुडबुडा टुणकन वर गेला, मधल्यातला सावकाश, जाडातला आळसावलेल्या म्हशीसारखा. एजंट म्हणाला, "बघा, जाड आहे म्हणजे माल आहे."

"आज दुपार आहे. उद्या सकाळी या."

पौषातली थंडी होती. नळ्या रात्रभर अंगणात ठेवल्या. सकाळी उलट्या केल्या तर जाड तेलातला बुडबुडा हलेचना. आम्ही एजंटाचा चहा होईपर्यंत बघत बसलो. बाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी बोलावणं आलं, अन् तेल असंच बसून राह्यलं, तर वरच्या भागाले पोचणार कवा? तोवर लोखंडावर लोखंड घासणार." मग त्यांनी ठरवून टाकलं: होळीपासून मृगापर्यंत जाड, पावसाळाभर मध्यम, दसऱ्यानंतर पातळ. एजंटानं तिन्ही डबे खपले म्हणून आनंदानं नमस्कार केला. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी बारा गावं फिरतो. मला असं कोणी विचारलं नव्हतं." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. माझी मान जरा वर झाली.

तेल बदलायचा दिवस गावाला आपोआप कळायचा. काढलेलं काळं तेल बाई फेकू द्यायच्या नाहीत. बंडीवाले डबे, नळकांडी घेऊन फाटकाशी येऊन बसायचे. आसाला ते वंगण उत्तम चालायचं. एका बदलाच्या दिवशी त्या रांगेत एक म्हातारी दिसली. उंद्रीची. तीच सासू. मी पाहून चपापलो. बाईंनीही पाहिलं. त्यांनी काही न बोलता तिचं नळकांडं भरलं. म्हातारी ते पदरानं पुसत म्हणाली, "सून पुन्हा पोटुशी हाय. सातवा लागला."

"आठव्यात घेऊन या. इथंच ठेवू."

"हाव," म्हातारी म्हणाली आणि बंडीत चढली. त्या सुनेला मुलगा झाला, आमच्याच दवाखान्यात. पेढे वाटताना म्हातारीनं पहिला पेढा मिस्त्रीला का दिला, हे मला अजून कळलेलं नाही. त्याच दिवशी तो मोटारीचं चाक बसवत होता, म्हणून असेल.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि पेट्रोल, तेल सगळंच दुर्मिळ झालं. पाचशे मैलांचा नेम पाळणं कठीण झालं. बाईंनी तिथंही वाट काढली. औषध गाळायच्या कागदावर त्या पट्टीवरच्या तेलाचा एक थेंब सोडायच्या आणि पसरू द्यायच्या. थेंब तांबूस पसरला तर अजून चालेल. मधोमध काळा ठिपका घट्ट बसला आणि कड पसरेना, तर बदलायलाच हवं. असे थेंब उमटलेले कागद केसपेपरला टाचलेले असत. नुसत्या मैलांवर जायचं नाही, तेलाला विचारायचं, असं त्या म्हणत.

अशाच एका कागदावर काळा ठिपका बसला आणि बाईंनी जपून ठेवलेला शेवटचा डबा काढला. त्या दिवशीची गोष्ट मी आजवर शंभर वेळा सांगितली असेल.

सकाळचे नऊ वाजले असतील. एक फेरी करून आल्यामुळं इंजिन गरम होतं. तेल गरम असतानाच काढलं की गाळ बरोबर येतो. बाई गोणपाटावर, मोटारीखाली. बूच काढलेलं, तेल घमेल्यात पडतंय. तळाची जाळी मी घासलेटमध्ये धूत होतो. तेवढ्यात फाटकाशी एक मोठी, चकचकीत मोटार येऊन थांबली. मेहकरच्या वाटेवरच्या एका गावच्या देशमुखांची. तिच्यातून देशमुखांचा धाकटा भाऊ उतरला तो धावतच आला.

"बाई, चला. आमच्या पुतणीचं अडलं. पहाटेपासून कळा देऊन राह्यली, आता दमली. आपली मोटार आणली हाय. लवकर."

बाई खालून बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी आपल्या उघड्या पडलेल्या गाडीकडं पाहिलं, मग त्या मोठ्या गाडीकडं. मी पिशवी घेऊन त्या गाडीकडं निघालोही होतो. कोणीही निघालं असतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी जाऊन त्या मोटारीचं बॉनेट उघडलं.

ड्रायव्हर खाकी टोपी सारखी करत उतरला. "आमच्या मोटारीले काय पाहून राह्यल्या? नवी हाय."

बाईंनी पट्टी ओढली. टोकाला तेवढं काहीतरी लागलेलं. ते तेल नव्हतं, काकवी होती. काळी, दाट, कणीदार. बाईंनी वास घेतला आणि पट्टी माझ्या नाकाशी धरली. करपलेला वास.

"तेल कधी बदललं?"

ड्रायव्हर धन्याच्या भावाकडं बघून म्हणाला, "बदलाले काय होते? कमी झालं की वरून टाकतो."

"शेवटचं कधी टाकलं?"

तो टोपी काढून हातात फिरवायला लागला.

"हिच्यात नवं तेल ओतू, बाई," मी हळूच म्हणालो.

"आतली जाळी गच्च झाली असंन. ओतलेलं वर चढणार नाही. सडक चढाची हाय." त्या वळल्या. "आपली गाडी घेऊ. जाळी बसवा, भाऊ."

म्हणजे जाळी बसवायची, बूच आवळायचं, डबा ओतायचा. पुन्हा तीच उंद्रीची पंधरा मिनिटं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांच्याकडं.

देशमुखांच्या भावाचा चेहरा लाल झाला. "बाई, ही पंधरा मिनिटं कोणाची आहेत, माहीत हाय का तुमाले?"

"माहीत हाय," बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मीच ऐकलं असेल. मग मोठ्यानं म्हणाल्या, "तुम्ही पुढं जा. पाणी उकळाले ठेवा, खोली मोकळी करा. आम्ही मागून येतो."

तो शिवी गिळून गाडीत बसला आणि धूळ उडवत गेला. आम्ही दोघं मोटारीखाली शिरलो. मी जाळी धरली, बाईंनी स्क्रू आवळले. मग बूच. बूच आट्यावर बसेना. एकदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं. तिसऱ्यांदा बसलं. बाहेर येऊन डबा ओतला, पट्टी बघितली, हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं.

अर्धी वाट झाली आणि नदीच्या अलीकडचा चढ आला. वळणावर ती मोठी मोटार उभी होती. आडवी. इंजिनातून निळा धूर येत होता. ड्रायव्हर दगडावर डोकं धरून बसला होता. आतून खडखडाट सुरू झाला, मग एकदम सगळं जाम झालं, असं त्यानं मागाहून सांगितलं. देशमुखांचा भाऊ सडकेच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात वर करून.

बाईंनी गाडी हळू केली. पूर्ण थांबवली नाही. "चढा," एवढंच म्हणाल्या.

तो पायफळीवर चढला, मागं बसला. माझ्या हातातली बाळंतपणाच्या अवजारांची पिशवी त्यानं स्वतः होऊन मांडीवर घेतली आणि पोटाशी धरून बसला.

पोरगी अगदी थकली होती. बाई आत गेल्या. मी दाराबाहेर पाणी, कापूस देत होतो. तासाभरानं आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला. मुलगी झाली होती. आई आणि मुलगी, दोघी जिवंत. मी ओसरीवरच्या खांबाला टेकलो.

बाई हात पुसत बाहेर आल्या. थोरले देशमुख, म्हणजे पोरीचे वडील, हात जोडून उभे होते. तेवढ्यात चढावरून पायी आलेला ड्रायव्हर फाटकात दिसला. धाकटा त्याच्यावर धावला. "चालता हो! आजपासून तोंड दाखवू नको!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "तेल बदलू नको, असं त्याले कोणं सांगतलं होतं?"

ड्रायव्हर खाली बघत होता. मग थोरले देशमुख पुढं आले. वाकलेले, पांढऱ्या मिशांचे, ज्यांच्यापुढं गावात कोणी मान वर करत नसे.

"म्या," ते म्हणाले. "मोटार चालते तोवर काऊन तेल ओतून राह्यला, असं म्याच त्याले म्हटलं होतं. एकदा नाही, दोनदा."

"मंग त्याले ठेवा," बाई म्हणाल्या. "अन् दर रविवारी माह्याकडे पाठवा."

थोरल्या देशमुखांना ते बोलायची गरज नव्हती. ड्रायव्हरवर ढकलून मोकळं होता आलं असतं. म्हणून त्या ओसरीवर मला त्या दिवशी एकाऐवजी दोन मोठी माणसं दिसली.

परतताना नदीवर बाईंनी गाडी थांबवली. पाण्यात हात धुतले, बराच वेळ. मग काठावरच बसल्या.

"भाऊ, बूच दोनदा घसरलं, ते पाह्यलं तुम्ही?"

"नाही बाई," मी म्हणालो. मी पाहिलं होतं. बूच आट्यावरून नव्हे, त्यांच्या बोटांतून घसरलं होतं.

"माहे हात कापत होते," त्या म्हणाल्या. "ही गाडी वाटेत बंद पडली असती तर म्या काय तोंड दाखवलं असतं?" आणि मग त्या रडल्या. थोडंसंच. मी नदीकडं बघत राहिलो.

ती बातमी चिखलीत आमच्या आधी पोचली होती. मिस्त्रीनं पुढं त्या मोठ्या मोटारीचं इंजिन उघडलं, तेव्हा निघालेलं वितळून चिकटलेलं बेअरिंग देशमुखांकडून मागून घेतलं आणि दुकानात दोरीनं टांगलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ते हातात द्यायचा. "हे देखो. अन् आमच्या बाईसाबची गाडी जाऊन पाहा." 'आमच्या' म्हणताना त्याची दाढी हलायची. देशमुखांचा ड्रायव्हर दर रविवारी येत राहिला. दुसऱ्या महिन्यात त्याच्याबरोबर मेहकरची उतारूंची सर्व्हिस मोटार हाकणारा ड्रायव्हर आला, मग लोणारकडचा एक. दवाखान्याच्या अंगणात रविवारी सकाळी तीन-चार खाकी टोप्या आणि मधे पांढरी साडी, असं दृश्य दिसायचं. बाहेरगावचा पाहुणा आला की लोक त्याला मुद्दाम त्या बाजूनं फिरवून आणायचे. मीही आणलं आहे.

लढाई संपल्यावर बाईंच्या भावाला अर्धांगवायू झाला. ज्यानं त्यांना शिकवलं तो भाऊ. बाईंनी एका महिन्यात दवाखाना नव्या डॉक्टरांच्या हाती दिला, मोटार पंचांच्या हवाली केली आणि जळगाव जामोदला गेल्या. तिथंच घराच्या पडवीत त्या बायका-पोरांना बघू लागल्या. चिखली सुनी झाली असं म्हणणार नाही, गावं अशी सुनी होत नाहीत. पण सकाळी उठून अंगणात आलो की मला काही दिवस हातांचं काय करावं ते कळेना.

तीन-चार वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. बाई थकल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. भाकरी, वांग्याची भाजी करून वाढली. भाऊ खाटेवर पडून हसत होता. आम्ही सबंध दुपार जुन्या पेशंटांची नावं घेत बसलो. कोण कुठं, कोणाला किती मुलं. मला नांदुऱ्याला जाणारी संध्याकाळची सर्व्हिस मोटार गाठायची होती. नको नको म्हणत असताना बाई मला अड्ड्यापर्यंत सोडायला आल्या.

मी खिडकीशी जागा धरली. बाई खाली, माझ्या खिडकीशी नाही, पुढं, इंजिनापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाईंनी मान एका बाजूला कलती केली आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. गाडी सुटायची वेळ झाली होती, पण ड्रायव्हर हॉर्न न देता त्यांच्या तोंडाकडं बघत बसला होता.

माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, "कोण हाय हो ही बाई?"

"आमच्या डाक्टरीणबाई," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण पुढचे दोघं वळून बघायला लागले.

मग बाईंनी डोळे उघडले, ड्रायव्हरकडं बघून मान हलवली आणि बाजूला झाल्या. गाडी त्यांच्यासमोरून निघाली, तेव्हा कुठं त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला. मला त्या शेवटच्या दिसल्या, त्या तशा.